एक खोली वर्षाची, एक आठ दिवसांची

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचं तरी पोर आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून चाकणला लागलं असेल. पहिला पगार हातात यायला महिना जातो आणि घरमालक आधीच डिपॉझिट मागतो. ट्रेनी म्हणून घेतलेलं पोर, कायम होईल की नाही ठाऊक नाही, ते अकरा महिन्यांचा करार कशाच्या जोरावर करणार? मग सुरू होतो 'कॉट बेसिस'चा शोध.

पिंपरी-चिंचवडला हे नवं नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज आणि तेव्हाची टेल्को. पुढे चाकणला फोक्सवॅगन, महिंद्रा. कारखाना आला की माणूस आधी येतो, त्याचं बिऱ्हाड मागाहून.

माझं मत विचाराल तर एकाच घरात दोन्ही प्रकारचे भाडेकरू ठेवावेत. आम्ही खाली राहतो, वर एक कुटुंब कराराने आणि गच्चीलगतच्या खोलीत दोन कॉट. तिथे मशीन बसवायला आलेला कुणी आठ दिवस राहतो, कुणी दोन महिने. वरच्या भाड्यावर कर्जाचा हप्ता जातो, त्यामुळे गच्चीची खोली रिकामी राहिली तरी झोप उडत नाही.

पण यात सोसावं लागतं ते वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाला. सेकंड शिफ्टवाला मध्यरात्रीनंतर कंपनीच्या बसमधून उतरतो, गेट करकरतं. वरच्यांची मुलगी दहावीला. जिन्यात दर आठवड्याला नवा चेहरा दिसला तर त्या आईला काय वाटेल? म्हणून जिना आणि संडास-बाथरूम वेगळं नसेल तर या भानगडीत पडूच नये. आणि गच्चीची खोली द्यायच्या आधी वरच्या वहिनींना विचारावं. काही जणी म्हणतात, घर आपलं, त्यांना कशाला विचारायचं? मला हे पटत नाही. जी आपल्या भरवशावर तरणी मुलगी घेऊन राहते, तिचा शब्द आधी.

कागदाचंही सांगते. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही' असं एजंट बिनधास्त सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधल्या कलम 55 नुसार करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंद नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी धरलं जातं. उलट रीतसर करार असेल आणि मुदत संपूनही लायसेन्सवर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते. आठ दिवसांच्या पाहुण्याचंसुद्धा ओळखपत्र, कंपनीचं पत्र आणि गावाकडचा फोन नंबर घेतल्याशिवाय मी किल्ली देत नाही. पोलिसांकडे माहिती द्यायची ती वेगळी. परदेशी माणूस आला तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं.

आता खरं दुखणं. वर्षाचं भाडं घर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जातं, म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्याच्या. आणि चादरी धुणं, बाथरूम घासणं, रात्री किल्लीसाठी जागं राहणं कुणाकडे? मी गच्चीच्या खोलीची वही वेगळी केली आणि ते पैसे माझ्या खात्यात घ्यायला लागले. 'हे' म्हणाले, "पैसा घरातच राहतो ना?" म्हटलं, "राहतो की, मग माझ्या खात्यात राहू दे."

घर घ्यायचं घाटत असेल तर आणखी एक. एप्रिल 2021 पासून राज्यात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा विसार देण्याआधी विचारा.