टॅबलेट मोजले, शिकणे मोजले का?

शाळेत संगणक किती, इंटरनेट पोहोचले का, ॲप किती वेळा डाउनलोड झाले... शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या यशाचे दाखले बहुधा असेच दिले जातात. हे आकडे पुरवठ्याचे आहेत. वापरापूर्वीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलनाही पुरेशी नाही, कारण तेवढ्या काळात मूल त्या साधनाविनाही काही शिकतच असते. खरा प्रश्न वेगळा आहे: तेच तास अन्य रीतीने घालवले असते, तर मूल किती शिकले असते?

याचे उत्तर शोधणारे प्रयोग भारतातच झाले आहेत. वडोदऱ्यातील महानगरपालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. तुलना गटापेक्षा त्यांचे गुण लक्षणीय वाढले. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बराचसा लाभ ओसरला. गुजरातमधील ज्ञानशाळेतील निष्कर्ष अधिक बोलका आहे. शाळेच्या वेळेबाहेर पूरक म्हणून वापरलेल्या संगणकाने मुलांना लाभ झाला. तोच संगणक शिक्षकाच्या तासाच्या जागी आला, तेव्हा मुले कमी शिकली.

दिल्लीतील ६१९ विद्यार्थ्यांवरील 'माइंडस्पार्क'चा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची निवड सोडतीने झाली होती. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन इतकी अधिक प्रगती दिसली. हे सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न पाहता त्याची प्रत्यक्ष पातळी पाहून प्रश्न देत होते. मात्र दीड तासाच्या सत्रातील निम्मा वेळ साहाय्यकासोबत छोट्या गटात जात असे. त्यामुळे सारे श्रेय पडद्याला देता येत नाही.

सोडतीने काही मुलांना साधन द्यायचे व इतरांना नाही, हे अन्यायाचे नाही का? आक्षेप रास्त आहे. परंतु सरकारी योजना एका दिवसात सर्वत्र पोहोचत नाहीत. त्या टप्प्याटप्प्यानेच राबवल्या जातात. कोणत्या शाळेला आधी, हे सोडतीने ठरवले, तर कुणीही कायमचे वंचित राहत नाही आणि तुलना गटही आपोआप मिळतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय मंचाची कल्पना मांडली आहे. अशा व्यासपीठाने खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: तुलना कोणाशी केली? साधन शिक्षकाला पूरक की पर्यायी? आणि वर्षभरानंतर काय टिकले? ज्या मुलांना घरी शिकवणारे कुणी नाही, त्यांचे शाळेतील तास या उत्तरांवर अवलंबून आहेत.