गोंदण झाकण्यापूर्वी



गेल्या काही महिन्यांत आमच्या विहारात तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. अंगावरचे जुने गोंदण नकोसे झाले आहे, त्यावर नवे गोंदवून ते झाकता येईल का? पहिली धुणीभांडी करून दोन मुले शिकवणारी एक ताई. दारुड्या नवऱ्याचे घर सोडून तिला सहा वर्षे झाली, पण त्याचे नाव मनगटावर तसेच आहे. दुसरा केंद्रीय दलाच्या भरतीसाठी रोज पहाटे धावणारा तरुण. जत्रेत मित्रांच्या नादाने त्याने डाव्या हातावर एका मुलीचे नाव गोंदवले. त्या मुलीचे पुढे दुसरीकडे लग्न झाले. तिसरी कॉलेजात जाणारी मुलगी. तिचा प्रश्न आजीसाठी होता. आजीच्या हातावर मारुती आणि तुळस आहे. "बौद्धाच्या घरात हे बरे दिसते का?" असे ती विचारत होती.

प्रश्न एकच असला तरी तिघांना उत्तर एक नाही.

आधी हे काम होते कसे, ते समजून घेऊ. गोंदताना सुई शाईला कातडीच्या वरच्या थराखाली नेऊन ठेवते. वरचा थर झिजतो आणि नवा येतो, पण खालची शाई तिथेच राहते. नवे गोंदण जुन्यावर केले तरी नवी शाई त्याच थरात जाऊन जुन्या शाईत मिसळते. भिंतीला चुना मारल्यासारखे ते नाही. काळ्यावर पिवळा किंवा पांढरा रंग टिकून दिसत नाही. म्हणून झाकणारे चित्र जुन्यापेक्षा गडद असावे लागते आणि बहुतेक वेळा दुपटी-तिपटीने मोठे. बोटभर नाव झाकायला तळहाताएवढे चित्र लागू शकते. जुने पुसले जात नाही, नव्यात दडते एवढेच.

जुने फारच ठळक असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडून लेसरने फिके करून घेता येते. लेसरमुळे शाईचे बारीक कण होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. एका खेपेत हे होत नाही. अनेक खेपा लागतात आणि दोन खेपांमध्ये काही आठवडे थांबावे लागते. काळी शाई लवकर दाद देते. हिरवी आणि पिवळी चिवट असते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहण्याचा धोका अधिक, म्हणून जाणत्या डॉक्टरांकडेच जावे. चुना, बिब्बा, बॅटरीतले ॲसिड असले घरगुती उपाय मात्र कोणी करू नयेत. गोंदण जात नाही, वर भाजल्याचा जाड व्रण जन्मभर राहतो.

आता ताईचा प्रश्न. ज्याने मारले, ज्याने पगार हिसकावला, त्याचे नाव रोज भांडी घासताना डोळ्यांसमोर येत असेल तर ते झाकण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. "लोक काय म्हणतील" हे विचारणाऱ्यांनी सहा वर्षांत तिच्या चुलीची चौकशी केली नव्हती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की, ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ते टाकून द्या. दुसऱ्याने लादलेली खूण अंगावर वागवायची नाही, हा त्यातला अर्थ. लुगडे नेसण्याची पद्धत बदलता आली, गिलटाचे दागिने उतरवता आले. गोंदण तसे उतरत नाही. ते झाकावे लागते. ताईने पिंपळाचे पान निवडले आहे. निवड चांगली आहे. पानाचा गडद भाग अक्षरांवर बसवता येतो आणि शिरांमध्ये जुन्या रेघा मिसळून जातात.

तरुणाला मात्र मुलीच्या नावावर बाबासाहेबांचा चेहरा काढून हवा होता. त्याची श्रद्धा खरी आहे, पण मी त्याला स्पष्ट नको म्हटले. एक कारण कारागिरीचे. चेहऱ्यात कपाळ, गाल, चष्म्याच्या काचा हा भाग उजळ ठेवावा लागतो. तिथे खालची जुनी अक्षरे दिसत राहतात. अशोकचक्राचेही तेच. २४ आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून जुने नाव डोकावणारच. दुसरे कारण याहून मोठे आहे. बाबासाहेब हे आपल्या फसलेल्या प्रेमावर लावायचे ठिगळ नव्हे. त्यांचे चित्र अंगावर घ्यायचेच असेल तर कोऱ्या जागी, विचार करून, त्यांच्यासाठीच घ्यावे. आणि ते घेतल्यावर तो हात गुत्त्याच्या टेबलावर दिसू नये, हेही ओघाने आले.

तिसरे कारण त्याच्या पोटापाण्याचे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत गोंदणाची जागा आणि आकार तपासतात. डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला असलेले गोंदण चालते. उजवा हात सलामीचा. आकारही त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. याचा नीट विचार करा. आज आहे ते लहान नाव नियमात बसू शकते आणि ते झाकायला काढलेले मोठे चित्रच मुलाला मैदानाबाहेर काढू शकते. सैन्याचे नियम वेगळे आहेत. तेव्हा जाहिरातीतले वैद्यकीय नियम वाचल्याशिवाय भरतीच्या मुलांनी सुईखाली हात देऊ नये.

राहिला आजीचा प्रश्न. आजी ऐंशीच्या घरात आहे. ते गोंदण झाले तेव्हा ती सात-आठ वर्षांची पोर होती. दोघींनी हात धरून ठेवले आणि गोंदणारणीने काजळीत बुडवलेल्या सुया टोचल्या. मेल्यावर बाईबरोबर फक्त गोंदणच जाते, असे तेव्हा सांगत. पोरीला कोणी विचारले नव्हते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्म दिला आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांत देवदेवता सोडण्याची प्रतिज्ञा आहे, अंगावरच्या जुन्या खुणा खरवडण्याची नाही. आजीने मारुती मनातून केव्हाच काढला. उपवास सोडले, मुलांना शाळेत घातले. तिचे धर्मांतर हातावर वाचता येणार नाही, तिच्या घरात वाचता येते. या वयात कातडी पातळ झालेली असते, जखम लवकर भरत नाही, त्यात साखरेचा आजार. नातीने आजीचा हात झाकू नये. तो हात धरून तिच्याकडून त्या काळची हकिगत वहीत लिहून घ्यावी.

ज्यांना झाकायचेच आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. जत्रेतल्या किंवा रस्त्यावरच्या टॅटूवाल्याकडे जाऊ नका. एकच सुई आणि शाईची एकच वाटी अनेकांना वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे, हातमोजे नवे हवेत, शाई तुमच्यापुरती वेगळ्या टोपणात काढलेली हवी. कावीळ ब ची लस मिळते, ती आधी घेतलेली बरी. जुने गोंदण ताजे असेल तर ते पुरते भरेपर्यंत थांबा. नवे चित्र आधी पेनाने काढून पंधरा दिवस वागवून पाहा. कंटाळा आला तर पाण्याने धुऊन टाकता येते.

शेवटची गोष्ट खास आपल्या तरुण मंडळांसाठी. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे गोंदवून घेतल्यापासून १२ महिने रक्तदान करता येत नाही. जयंतीच्या आठवड्यात दंडावर 'जयभीम' गोंदवणारा मुलगा त्या वर्षी शिबिराच्या खाटेवर झोपू शकत नाही. ज्याला दोन्ही करायचे असेल त्याने आधी रक्त द्यावे आणि गोंदणाचे मग पाहावे. बाटलीभर रक्ताने कुणाचा तरी जीव वाचतो आणि ते कुणाचे, हे घेणाऱ्याच्या जातीला विचारत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!