वांझ कोण?

मोबाईलमधे आता नवी सुईण आलीय. पाळीची तारीख विचारते. नवराबायको कधी जवळ आली तेही विचारते. इंजेक्शनची वेळ झाली की वाजते. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांसाठी ही ॲपं निघालीत. धंदेवाले म्हणतात, बाईला आधार मिळाला. मी विचारतो, कुठल्या बाईला?

खरं ते आधी मान्य करू. आयव्हीएफ म्हणजे घड्याळाचं काम. आठदहा दिवस रोज ठरल्या वेळी इंजेक्शन, मधे सोनोग्राफी. शेवटचं इंजेक्शन टोचलं की ३४ ते ३६ तासांनी बीजं काढायची. वेळ चुकली तर कष्ट आणि पैसा दोन्ही पाण्यात. तेव्हा वेळेवर वाजणाऱ्या यंत्राशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते यंत्र हातात देऊन हात झटकणाऱ्यांशी.

तासगावकडची माझी मावसबहीण द्राक्षबागेत मजुरी करते. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात तिचे उपचार चालले होते. तिथंच कुणीतरी ॲप घालून दिलं. सगळं इंग्रजीत. सातवीतला पुतण्या वाचून दाखवायचा. म्हणजे चुलतीच्या पाळीचा हिशेब पोरानं वाचायचा! ॲप म्हणालं, इंजेक्शन फ्रिजमधे ठेवा. वस्तीत फ्रिज कुणाकडं? बागेच्या मालकिणीकडं. तिनं ठेवून घेतलं, पण कशाचं ते विचारलंच. दुसऱ्या दिवशी साऱ्या बागेला कळलं. त्याच आठवड्यात शेजारी बारसं होतं, हिला बोलावणं आलं नाही. संध्याकाळी ॲप विचारतं, आज कसं वाटतंय? खाली हसरेरडके चेहरे. कुठल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं तिनं?

बाईला शिक्षा करण्यात हा मुलूख तरबेज आहे. मुलगी झाली म्हणून तिचं नावच 'नकुसा' ठेवायचं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली. २०१७ साली मिरजेजवळच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. पोरगी पोटात आली तर पाडायची, काहीच आलं नाही तर वांझ म्हणून हाकलायची. देवऋषी तिच्यासाठी, सोनोग्राफी तिची. पुरुषाची साधी वीर्यतपासणी मात्र सगळ्यात शेवटी. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडंही कारण असतं, हे चावडीवर कोण बोलणार? आणि क्षयानं गर्भनलिका बंद पडतात, हे किती जणांना ठाऊक आहे? दाटीच्या खोल्या आणि अर्धपोटी जगणं क्षयाला पोसतं. म्हणजे रोग व्यवस्थेनं द्यायचा, अन् शिवी बाईनं खायची.

आता त्या माहितीचं बघा. अमेरिकेत २०२३ साली 'प्रेमॉम' या गर्भधारणेच्या ॲपवर तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली. बायकांच्या आरोग्याची माहिती न विचारता जाहिरात कंपन्यांना दिली, हा ठपका. आपल्याकडंही २०२३ साली माहितीसंरक्षणाचा कायदा झाला. पण इंग्रजी अटींखाली अंगठा दाबणाऱ्या बाईला तो सांगितला कुणी?

कुणी म्हणेल, आयव्हीएफ ही श्रीमंतांची चैन, आपल्याला कशाला? खोटं आहे. देशातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलं ते मुंबईच्या केईएममधे, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली. केईएम महापालिकेचं, गोरगरिबांचं. तिथून हे शास्त्र काचेच्या दवाखान्यांत कसं गेलं? आयुष्मान भारत योजनेनं मूल होण्याचे उपचार वगळून ठेवलेत. उलट गोव्यानं २०२३ साली आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात ते मोफत सुरू केले. एवढंसं राज्य करतं, महाराष्ट्राला काय धाड भरलीय?

म्हणून मागणी सरळ आहे. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आणि साताऱ्याच्या सिव्हिलमधे हे उपचार मोफत हवेत. पहिली तपासणी नवऱ्याची. ॲप मराठीत, वाचता न येणारीला ऐकू येईल असं, आणि तिची माहिती तिच्याच ताब्यात. यशाची शक्यता, खर्च, धोके समोर बसवून समजावून सांगणं २०२१ च्या कायद्यानं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ते काम माणसानं करायचं, मोबाईलवर ढकलायचं नाही. औषधासाठी फ्रिज आरोग्य उपकेंद्रात, मालकिणीच्या घरात नव्हे.

बाई वांझ नसते. गरिबाला दारातून परत पाठवणारं सरकारी इस्पितळ वांझ असतं. यापुढं ती शिवी तिकडं द्या.