सूर्याला पहिले किरण किती?

हल्लीच्या बारशांत निम्मी बाळं 'सूर्याचा पहिला किरण' असतात आणि उरलेली 'विष्णूचा अंश'. नाव कितीही नवं असो, अर्थ ठरावीक साच्यांतलाच: देवाची देणगी, लक्ष्मीचं रूप, तेजस्वी. एवढ्या नव्या नावांत एकाचाही अर्थ 'ताक' किंवा 'उंबरठा' निघू नये, इथेच पाणी मुरतंय.

रेयांश घ्या. 'अंश' संस्कृत, कबूल. 'रे' कुठला? नावांच्या याद्या बिनदिक्कत सांगतात, विष्णूचा. विष्णुसहस्रनामात हजार नावं आहेत, त्यांत 'रे' काही सापडत नाही. कियाराची तऱ्हा आणखी मजेची. इटालियन किआरा म्हणजे उजळ. तिच्याशी जुळणारं आयरिश नाव 'काळी' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. आपल्याकडे मात्र ते आलं 'अंजाना अंजानी' (2010) या चित्रपटातल्या नायिकेकडून. शनायालाही किरणाचा मान आहे. पण 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका पाहिलेल्या मराठी घरात त्या नावाने आधी काय आठवतं, ते सांगायला नको.

ही नावं का घडतात, ते समजतं. वर्गात दुसरा आर्यन नको असतो. आईबाबांच्या नावांतली अक्षरं जुळवायची असतात. त्यात पत्रिका. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 आद्याक्षरं. त्यांत आर्द्रेच्या एका चरणाला 'ङ' आणि हस्ताच्या एकाला 'ण' येतो. या अक्षरांवरून नाव काढून दाखवा! ज्योतिषीही तिथे सोयीचं अक्षर देऊन मोकळे होतात.

नवं नाव घडवायला माझी ना नाही. अमर्त्य सेन यांचं नाव रवींद्रनाथांनी सुचवलं, तेव्हा ते काही गल्लोगल्ली ऐकू येणारं नाव नव्हतं. पण शब्द खरा होता, अर्थही खरा. व्याकरण कशाला शिकायचं, याची जी कारणं पतंजलीने महाभाष्यात दिली आहेत, त्यांत मुलाचं नाव नीट ठेवता यावं हेही एक आहे. आपण ते काम शेवटी 'अंश' किंवा 'आन' जोडण्यावर भागवतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अर्थाला एवढं काय धरून बसायचं? पण अर्थ धरूनच तर नावं ठेवली जात. दगडू, धोंडू ही नावं कोणी कौतुकाने ठेवत नव्हतं. आधीची मुलं गेली, आता दृष्ट नको, म्हणून ठेवत. 'नकुशा' म्हणजे नको असलेली; हा अर्थ तर ते नाव मिळालेल्या मुलींना जन्मभर कळत राहिला. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात पावणेतीनशेहून अधिक मुलींची ती नावं समारंभ करून बदलावी लागली. नावाचा अर्थ माणसाला असा चिकटतो. मग तो ज्याला वाटेल त्याने, वाटेल तसा रचून कसा चालेल?

म्हणून एवढंच करा. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करण्याआधी एकदा शब्दकोश उघडा. शब्द सापडला तर छानच. नाही सापडला आणि तरी तेच नाव हवं असेल, तर खुशाल ठेवा. फक्त बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर अर्थ छापू नका. उद्या मुलीने विचारलं तर सांगा, 'ऐकायला गोड वाटलं, म्हणून ठेवलं.' बाबी, बेबी, बंड्या ही नावं महाराष्ट्राने याच एका कारणावर पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी सूर्याला वेठीला धरलं नव्हतं.