सॉफ्टवेअर सर्वांचे, भार कोणाचा?

२०२४ च्या मार्चअखेरीस संगणकाच्या जगावरील एक मोठा अनर्थ थोडक्यात टळला. ‘एक्स-झेड’ नावाचे एक लहानसे सॉफ्टवेअर आहे. माहिती आटोपशीर करून कमी जागेत बसविणे एवढेच त्याचे काम. परंतु जगातील असंख्य सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तिच्या बहुतेक आवृत्त्यांत ते असतेच. या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा ठेवला होता. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्या संगणकात प्रवेश मिळण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्यांनी कारण खणून काढले आणि २९ मार्च रोजी ते जगजाहीर केले. तोवर ती सदोष आवृत्ती मुख्यतः चाचणीसाठीच्या वितरणांपर्यंतच पोचली होती.

वृत्तपत्रांनी ही हेरकथा म्हणून रंगविली. आम्हाला तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. हे सॉफ्टवेअर एक गृहस्थ वर्षानुवर्षे, विनावेतन, फावल्या वेळात सांभाळीत आले होते. २०२२ मध्ये कामे रखडल्याबद्दल त्यांच्यामागे तगादा लागला. आपली मानसिक प्रकृती ठीक नसते आणि हे काम बिनपगारी, हौसेचे आहे, असे त्यांनी सौम्यपणे कळविले. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारा एक सहायक पुढे सरसावला. दोन वर्षे चोख काम करून त्याने विश्वास संपादन केला आणि किल्ल्या हाती आल्यावर घात केला. हे नाव धारण करणारा कोण होता, की अनेकजण होते, हे आजही उघड झालेले नाही. परंतु घात करणाऱ्याने नेमके कोठे बोट ठेवले हे उघड आहे. अब्जावधींची उलाढाल ज्या एका माणसाच्या फुकट श्रमावर टेकलेली होती, तो थकला होता.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करावयास हवे. सॉफ्टवेअर म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञांची मालिका. ही मूळ संहिता कंपन्या कुलपात ठेवतात आणि ग्राहकाला केवळ चालविण्याचा परवाना विकतात. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्रात सुधारणा करावयाची होती. त्यासाठी लागणारी संहिता त्यांना नाकारण्यात आली, कारण ती जवळ असलेल्या संशोधकाने गुप्ततेचे वचन देऊन ठेवले होते. शेजाऱ्याला मदत करणे हाच गुन्हा ठरविणारी ही व्यवस्था स्टॉलमन यांनी मान्य केली नाही. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये एक विलक्षण परवाना जगापुढे ठेवला. हे सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, अभ्यासावे, बदलावे आणि वाटावे. अट एकच, की बदललेले सॉफ्टवेअर वाटताना हेच अधिकार पुढच्यालाही द्यावेत. मालकी हक्काचा कायदा मालकीच्याच विरुद्ध वापरण्याची ही युक्ती होती. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला आणि देशोदेशींचे हजारो हात त्याला लागले. २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालत आहेत. अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. फायद्याच्या आमिषाशिवाय माणूस काही उत्तम निर्माण करीत नाही, असे सांगणाऱ्या अर्थशास्त्राला याहून सडेतोड उत्तर क्वचितच मिळाले असेल.

भांडवलाने प्रथम या चळवळीचा तिरस्कार केला आणि नंतर तिला कवेत घेतले. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे आला. त्यात स्वातंत्र्याची नैतिक भाषा मागे सारून व्यावहारिक सोयीची भाषा पुढे करण्यात आली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. त्याच कंपनीने २०१८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे सर्वांत मोठे कोठार असलेले ‘गिटहब’ साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले. आयबीएमने ‘रेड हॅट’साठी ३४ अब्ज मोजले. आज लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुसंख्य अभियंते कंपन्यांच्या पगारावर आहेत. तेव्हा ही सारी चळवळ हौशी स्वयंसेवकांची आहे, अशी भाबडी समजूत बाळगण्याचे कारण नाही. भांडवल पैसा खर्च करते. पण आपला स्वार्थ दिसतो त्या मजल्यावर. पायातला दगड कोणी पाहत नाही. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ‘ओपन-एसएसएल’मध्ये २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष सापडला, तेव्हा जगाला कळले की बँकांपासून सरकारांपर्यंत सर्वजण ज्यावर विसंबले होते, त्या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि देणग्या वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास येत होत्या. ओरड झाल्यावर कंपन्यांनी निधी उभारला. दहा वर्षांनी ‘एक्स-झेड’ची पाळी आली.

गावाच्या गायरानाची उपमा येथे सहज सुचते; मात्र तिच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. गायरानात गुरे अतोनात चारली तर गवत संपते. सॉफ्टवेअरचे गवत कितीही जणांनी चारले तरी संपत नाही, म्हणून त्याला राखणीची गरज नाही असा भ्रम होतो. येथे संपतो तो राखणदार. दोष शोधणे, सुधारणा तपासणे, नव्या यंत्रांशी जुळवून घेणे, उद्धट तक्रारींना उत्तरे देणे, हे न दिसणारे आणि न संपणारे श्रम आहेत. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमांसारखे ते झाले तर कोणाला जाणवत नाहीत, थांबले की घर बंद पडते. अशा श्रमांना ‘आवड’ म्हणून गौरवावयाचे आणि मोबदल्याच्या वेळी तोंड फिरवावयाचे, ही शोषणाची जुनीच रीत आहे.

यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी आपली खुली संहिता पुन्हा बंदिस्त करण्याचा मार्ग धरला. बड्या क्लाउड कंपन्या आमच्या कामावर फुकट कमावतात, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु त्यांनी लादलेल्या बंधनांचा भार समाजाच्या योगदानावरही पडला. २०२४ मध्ये ‘रेडिस’ने परवाना बदलताच जुन्या खुल्या आवृत्तीवरून काही दिवसांतच ‘वाल्की’ हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. २०२५ मध्ये ‘रेडिस’ला पुन्हा खुला परवाना द्यावा लागला. वाल्कीमागे बड्या कंपन्याही होत्या, हे खरे. तरीही संहिता घेऊन वेगळे होण्याचा हा हक्क कामगाराच्या संपाच्या हक्काइतकाच मोलाचा आहे, हे या प्रसंगाने दाखविले. तो हक्क गमावून मिळणारा मोबदला फार महाग पडेल.

या साऱ्याशी आपल्या शेतमजुराचा आणि कष्टकऱ्याचा संबंध काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. संबंध निकटचा आहे. आज रेशनचे धान्य यंत्रावर अंगठा उमटल्याशिवाय मिळत नाही. पेन्शन, शिष्यवृत्ती, मजुरी यांच्या याद्या संगणक ठरवितो. त्यातील संहिता बंद असेल, तर नाव का वगळले गेले हे तपासण्याचे साधनच नागरिकापाशी उरत नाही. जो नियम वाचता येत नाही, त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? २०२० च्या एप्रिलमध्ये ‘आरोग्य सेतू’ आले तेव्हा त्याची संहिता बंद होती. टीका झाली, मागणी झाली, तेव्हा मे महिन्यात सरकारने ती खुली केली. मागणी केल्यास मिळते, हा त्याचा धडा.

मराठीचा अनुभवही याच जातीचा आहे. संगणकावर मराठी आली ती अनेक वर्षे कंपन्यांच्या बंद फाँटांतून आली. प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक रचना वेगळी. एका कार्यालयात जुळविलेले पत्रक दुसऱ्या छापखान्यात उघडले की अक्षरांचा चिवडा. आपलीच भाषा आपल्याला परवान्याने वापरावी लागत होती. युनिकोडचे सामायिक प्रमाण आणि त्यावर आधारलेले खुले फाँट रुळले, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. ‘लोहित’ देवनागरी, मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेले ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे फाँट आज कोणीही मोफत वापरू शकतो. फायरफॉक्स मराठीत आहे, तो कोणा अधिकाऱ्याच्या आदेशाने नव्हे, तर रात्री बसून शब्द लावणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. त्यांचेही आभार मानून विसरून जावयाचे काय?

आमच्या मते दिशा स्पष्ट आहे. जे सर्वांचे आहे, त्याचा भार सर्वांनी, म्हणजे समाजाच्या तिजोरीने आणि त्यावर नफा कमावणाऱ्यांनी, उचलला पाहिजे. जर्मनीने २०२२ मध्ये याच कामासाठी सार्वजनिक निधी सुरू केला. केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर रुजविले आणि शिक्षकांनाच त्याचे जाणकार बनविले. आपल्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प सरकारी निधीतून महाविद्यालयांत ते पोचवीत आहे. पण वापरण्याचे धोरण हे सांभाळण्याचे धोरण नव्हे. फुकट मिळते म्हणून घेणारे सरकार फुकट मिळते म्हणून घेणाऱ्या कंपनीहून वेगळे कसे?

म्हणून मागण्या तीन. लोकांच्या पैशातून लिहिलेली संहिता लोकांना खुली असावी. सरकार आणि मोठे उद्योग जे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या देखभालीसाठी दरवर्षी ठराविक निधी द्यावा आणि त्याचे वाटप ते सांभाळणाऱ्यांच्या सहभागाने व्हावे. मराठीतील खुल्या साधनांसाठी राज्य सरकारने कायमची, मानधनाची व्यवस्था करावी. ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत या मागण्या नेण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. आणि त्याआधी आपल्या कार्यालयांतील संगणकांकडे एकदा पाहण्याचेही. परस्परांना मदत करणे हा गुन्हा नव्हे, हे चाळीस वर्षांपूर्वी काही माणसांनी कृतीने सिद्ध केले. मदत करणाऱ्याला एकटे सोडणे हा मात्र गुन्हा आहे, हे आता समाजाने मान्य केले पाहिजे.