गळ, होडी आणि दुकानदार

कार्तिकातल्या एका सकाळी, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी धुक्याखाली अद्याप निश्चल होते आणि पलीकडच्या डोंगरांच्या केवळ कडा दिसत होत्या, अशा वेळी बामणोलीच्या काठावर एक नावाडी आपल्या बोटीचे यंत्र वर उचलून, त्याच्या पंख्यामागे गुंतलेला तंगूस चाकूच्या टोकाने सोडवीत बसलेला मी पाहिला. तंगूस म्हणजे मासे धरण्याचा नायलॉनचा दोरा. पाण्यात दिसेनासा होणारा आणि वर्षानुवर्षे न कुजणारा. तो पंख्याच्या दांड्याभोवती वळसे घेत घेत आत शिरतो, तिथली सील कापतो, त्या फटीतून पाणी यंत्राच्या खालच्या पेटीतल्या तेलात उतरते आणि तेल ताकासारखे पांढरे होते. हे वेळीच ध्यानात आले नाही तर आतली दातेरी चक्रे गंजून झिजतात आणि पन्नास-शंभर रुपयांच्या दोऱ्यापायी लाखाच्या घरातले यंत्र निकामी होते. सील बदलायची झाली तर काय करता, असे मी विचारले. "साताऱ्यात कोणी भेटलं तर बरं, नाहीतर पुण्याला न्यायचं," असे तो म्हणाला, आणि सोडवलेला दोरा पाण्यात न टाकता गुंडाळून त्याने खिशात ठेवला.

त्याच संभाषणात कळले की गळ, तंगूस, गरगर फिरणारी चरखी, फार काय लाइफ जॅकेटसुद्धा, हे सर्व आता फोनवर मागवले की चार दिवसांत घरपोच येते. विक्रीची वाट अशी डोंगर ओलांडून गावात आली आणि दुरुस्तीची वाट मात्र गावापासून दूर सरकत गेली, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने ती किरकोळ नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

हा मुलूख पाण्याचा आहे, पण त्याचे पाणी दोन जातींचे. एक कृष्णेचे, ज्याच्या काठी कोळी आणि भोई पिढ्यान्‌पिढ्या राहिले, ज्यांना होडीचे लाकूड, तिच्या सांध्यांत भरायचा कापूस, वर लावायची राळ आणि तेल, पावसाळ्यापूर्वी ती काठावर ओढून पालथी घालण्याचा शिरस्ता, हे सर्व वारशाने मिळाले. दुसरे पाणी धरणांचे. कोयनेच्या धरणाने १०५ टीएमसीहून अधिक पाणी अडविले, जावळीच्या खोऱ्यातली शेते त्याखाली गेली, आणि ज्यांच्या आजोबांनी नांगर धरला होता त्यांच्या नातवांनी बामणोलीला आणि तापोळ्याला बोटीचे सुकाणू धरले. ही माणसे धीराची आणि कष्टाळू आहेत. परंतु होडीची निगा त्यांना कोणी शिकविली नाही, कारण त्यांच्या घरात होडी कधी नव्हतीच. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडे तर याहून नवलाची स्थिती आहे. आटपाडी, खानापूर, जत या पिढीजात दुष्काळी तालुक्यांत टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी पोहोचले, तलाव भरू लागले, आणि जिथे पाणवठ्यावर भांडणे होत तिथे आज पोरे गळ टाकून बसलेली दिसतात.

अशा नव्या पाण्यावरच्या माणसाला वस्तूइतकीच विद्येची आवश्यकता असते, आणि ती विद्या पूर्वी दुकानदार देत असे. सांगलीच्या पेठेत माझ्या लहानपणी दोरखंड, सुतळी, कंदिलाच्या वाती आणि जाळ्याचा दोरा एकत्र विकणारे एक दुकान होते, त्याच्या मालकाने मला गळ कधीही नुसता हातात ठेवला नाही. कुठे टाकणार, असे तो आधी विचारी. डोहात की वाहत्या धारेत, कोणत्या महिन्यात, कणकेचा गोळा लावणार की गांडूळ? गळाचा आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे उलटे गणित मला त्यानेच समजावले. चिलापीचे तोंड बारीक म्हणून तिला लहान गळ, वाम खडकाच्या कपारीत ओढून नेते म्हणून तिला जाड दोरा, आणि मरळीला तर दोरा व गाठ दोन्ही मजबूत हवेत, कारण ती शेवाळात शिरून एकच हिसका देते. पण त्याने दिलेली सर्वांत मोलाची शिकवण विक्रीच्या विरुद्ध जाणारी होती: पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी तांबूस पिलांचा थवा वर-खाली होताना दिसला की त्यावर गळ टाकायचा नाही.

ही शिकवण शास्त्राला धरून आहे. मरळ आपल्या पिलांची राखण करते. नर आणि मादी थव्याखाली फिरत राहतात आणि जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतात. आता रबराचा पोकळ बेडूक बाजारात आला आहे, तो थव्यावरून ओढला की मरळ भुकेने नव्हे, वात्सल्याने त्याच्यावर झेप घेते. ती बाहेर काढली की तो सगळा थवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. बेडूक घरपोच येतो. त्याच्या वेष्टनावर हे लिहिलेले नसते.

अमेरिकेत 'बास' नावाच्या माशाभोवती जो प्रचंड व्यापार उभा राहिला, त्याचा इतिहास आपल्याला या संदर्भात उपयोगी आहे. बासही मरळीसारखाच दबा धरून झडप घालणारा आणि पिलांची राखण करणारा मासा. रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने १९६७ साली आर्कान्सासमधल्या बीव्हर तलावावर तो गळाने पकडण्याची पहिली मोठी स्पर्धा भरविली, आणि पाचच वर्षांनी, १९७२ मध्ये, पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याचा नियम त्याच स्पर्धांत रूढ करण्यास आरंभ केला. त्याच वर्षी जॉनी मॉरिस याने मिसुरीतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वडिलांच्या मद्याच्या दुकानातली आठ चौरस फूट जागा मागून घेऊन मासेमारीचे सामान विकायला मांडले; त्यातूनच 'बास प्रो शॉप्स' ही अवाढव्य पेढी निर्माण झाली. १९७८ पासून तो होडी, यंत्र आणि ती वाहून नेणारी गाडी असा संपूर्ण सरंजाम एका किमतीत विकू लागला. त्याआधी नेब्रास्कातल्या डिक कॅबेला याने १९६१ साली स्वयंपाकघरातल्या मेजावरून टपालाने कृत्रिम माश्या विकायला सुरुवात केली होती, आणि त्याचीही पेढी पुढे सिडनी या लहानशा गावाचा आधारस्तंभ झाली. २०१७ साली पहिल्या पेढीने दुसरी विकत घेतली. सिडनीतल्या कचेरीतली कामे त्यानंतर आटत गेली, आणि ज्या गावाचा निम्मा संसार त्या एका दुकानावर चालत होता ते गाव हतबल झाले. टपालाने व्यापार करणारी पेढी गावाला किती देते आणि ती गेली की गाव किती रिते होते, याचे हे जिवंत उदाहरण आहे.

आपल्याकडे हा बदल निराळ्या मार्गाने आला. २००९ साली डेकॅथलॉन ही फ्रेंच पेढी भारतात आली. तिच्या पुण्यातल्या प्रशस्त दालनांत सातारा-सांगलीची तरुण मंडळी जातात, तंबू उघडून पाहतात, बूट घालून चालून पाहतात, किंमत पाटीवर वाचतात. यात वाईट काही नाही. साताऱ्यात २०१२ पासून धावण्याची मोठी शर्यत भरते, त्याच वर्षी कासच्या पठाराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. डोंगर चढणाऱ्या, धावणाऱ्या, पाण्यावर जाणाऱ्या माणसांची संख्या वाढली आणि त्यांना चांगले साहित्य रास्त भावात मिळाले, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. जतसारख्या गावातल्या मुलाला पूर्वी जे पाहायलाही मिळाले नसते ते आज त्याच्या दारात येते, आणि तो काळ परत यावा अशी इच्छा मी कधीही धरणार नाही. माझी तक्रार वस्तूच्या येण्याबद्दल नाही. वस्तू आल्यानंतर तिचे काय होते, याची जबाबदारी घेणारा माणूस त्या व्यवहारातून नाहीसा झाला, याबद्दल आहे. लाइफ जॅकेटचा फोम उन्हात पडून आणि त्यावर माणसे बसून दबत जातो, त्याची तरण्याची शक्ती हळूहळू ओसरते, आणि ते पाण्यात उतरून अधूनमधून पारखावे लागते. हे सांगणारा कोणी नसला की वरून झळझळीत दिसणारे जॅकेट प्रसंगी निरुपयोगी ठरते. फायबरच्या होडीच्या वरच्या लेपाला केसासारखी चीर गेली तर ती तत्काळ बुजवावी लागते, नाहीतर पाणी आतल्या थरांत मुरते. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले तर त्यातले पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रे बुजतात. या गोष्टी अवघड नाहीत, पण त्या कोणीतरी शिकविल्याशिवाय येत नाहीत.

आणि त्या न आल्यास काय होते, हा प्रश्न कृष्णाकाठी केवळ छंदाचा राहत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांना जलसमाधी मिळाली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना हेही आठवत असेल की ठिकठिकाणी लोकांनी गूळ करण्याच्या काहिली पाण्यात सोडून त्यातून म्हातारी माणसे बाहेर काढली. काहील ही कृष्णा-पंचगंगेच्या काठची जुनीच सोबतीण. मासे धरणारेही तिच्यात बसून जाळी लावतात. पण संकटकाळी गावाचा भरवसा काहिलीवर असावा, ही आपल्या कारभाराला शोभा देणारी गोष्ट नव्हे.

पुराची बोट वर्षातले अकरा महिने छपराखाली पडून असते. ती विकत घेण्यासाठी तरतूद होते, तिचे पूजन होते, छायाचित्र निघते. परंतु तिची देखभाल करण्यासाठी स्वतंत्र रक्कम, शिकलेला माणूस आणि तपासणीची नोंदवही, या तीन गोष्टींची तजवीज प्रत्येक ठिकाणी असायला हवी, आणि तिचा आग्रह ग्रामसभेने धरला पाहिजे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या होड्यांची नोंदणी आणि तपासणी ही सक्तीची बाब केली आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. परवान्याचा कागद दप्तरात लागला म्हणजे होडी तरण्यायोग्य झाली असे नव्हे. तपासणारा डोळा आणि दुरुस्त करणारा हात गावापासून एका दिवसाच्या अंतरात असला, तरच त्या कायद्याला अर्थ येतो.

हा हात कुठून आणायचा, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ आहे त्याच तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा ते सायकल विकत, चालवायला शिकवीत आणि मोडली तर दुरुस्तही करीत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दीर्घ काळ जावा लागला, आणि ते खपले ते वापरून दाखवल्यामुळे. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर त्यांनी कारखाना वसविला. विक्रीला शिक्षणाची आणि दुरुस्तीची जोड देणारा उद्योग या मातीत एकदा रुजलेला आहे. हा मुलूख सहकाराचाही आहे. उसासाठी, दुधासाठी, पाण्यासाठी ज्यांनी संस्था काढल्या त्यांना होडीच्या यंत्रासाठी एक संस्था काढणे अशक्य नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सातारा आणि सांगली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत बाहेरून बसवायच्या बोट-यंत्रांचा आणि फायबरच्या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू व्हावा, आणि त्यात पहिल्या जागा बामणोली-तापोळ्याच्या नावाड्यांच्या मुलांना आणि कृष्णाकाठच्या कोळी-भोई घरांना मिळाव्यात. सांगलीवाडी, समडोळी, कसबे डिग्रज या गावांतल्या ज्या मंडळींनी होड्यांच्या शर्यतींची परंपरा जपली, त्यांच्याइतके होडीचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. मच्छीमार सहकारी संस्थांना तलावांचे मक्ते मिळतात, त्यांनी सुटे भाग, सील, तेल, तंगूस आणि गळ यांचे लहानसे दुकान चालवावे, आणि तुटलेला तंगूस परत आणून देणाऱ्याला नव्या दोऱ्यात काही सवलत द्यावी. मरळीच्या विणीच्या दिवसांत त्या दुकानाच्या दारावर खडूने तशी सूचना लिहिलेली असावी.

आणि दर वर्षी वैशाखात, नदी उथळ आणि आकाश कोरडे असताना, कृष्णाकाठच्या प्रत्येक गावाने आपली पुराची बोट छपराबाहेर काढून पाण्यात उतरवावी, जितकी माणसे तिच्यावर लिहिलेली आहेत तितकीच बसवून यंत्र अर्धा तास चालवावे, प्रत्येकाच्या अंगावरचे जॅकेट पाण्यात पारखावे, आणि काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, किती खर्च आला, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात सर्वांदेखत लिहून ठेवावे.