पाळलाय, तर सांभाळा

झाशीच्या सदर बाज़ारात कुणाच्या पाळलेल्या, पण दिवसभर मोकाट फिरणाऱ्या कुत्र्याबद्दल तक्रार केली की उत्तर ठरलेले असते, "अरे, कछू नईं करत." त्यावर काही बोलायला जावे तर दुसरे उत्तर तयार, "तुमच्याही घरी कुत्रा आहे, मग तुम्ही कशी तक्रार करता?" मी तक्रार करते ती माझ्या घरी कुत्री आहे म्हणूनच.

'काही करत नाही' हे माणसांपुरते खरे असेलही. शेजारचा कुत्रा माझ्या हातची पोळी खातो, गल्लीतल्या पोरांना ओळखतो. पण मी माझ्या कुत्रीला साखळी लावून बाहेर काढली की तोच अंगावर धावून येतो. साखळीतल्या जनावराला पळता येत नाही, बाजूला होता येत नाही; त्याला भुंकणे किंवा झुंजणे एवढेच उरते. झुंज सोडवायला माणूस हात घालतो आणि चावा त्या हाताला बसतो. संध्याकाळच्या खरेदीच्या गर्दीत, स्कूटर आणि रिक्षांच्या मध्ये हे घडले तर कुणाला काय लागेल, सांगता येत नाही. माणसाळलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशीही सौम्यच वागेल, असे मुळीच नाही.

"बांधून ठेवणे हा छळ नाही का?" असेही विचारतात. प्रश्न योग्य आहे, निष्कर्ष चुकीचा. 1960 च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये आखूड किंवा जड साखळीला जनावर तासन् तास बांधून ठेवणे हा छळ मानला आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हाही तिथे गुन्हाच आहे. म्हणजे कायदा मालकाला सांगतो की उठा आणि कुत्र्याला फिरवा. दार उघडून त्याला हाकलून द्या, असे तो कुठेही सांगत नाही. फिरवण्याचे कष्ट मालकाने वाचवायचे आणि त्याला कुत्र्याचे स्वातंत्र्य म्हणायचे, हे मला पटत नाही.

"रस्त्यावर एवढी भटकी कुत्री आहेत, त्यात आमच्या एकाने काय बिघडते?" हा सर्वांत घातक युक्तिवाद. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 पाळीव आणि भटकी कुत्री वेगळी धरतात. भटक्यांची नसबंदी व लसीकरण हे स्थानिक संस्थेचे काम, पाळीव कुत्र्याचे मालकाचे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी लस आणि नसबंदी झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत असे म्हटले, ते भटक्यांबद्दल. मालकाला त्याआड लपता येणार नाही. उलट भटकी कुत्री येतात कुठून, हेही पाहावे. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे 63 दिवसांत विते. नसबंदी न केलेला मोकळा नर ज्या पिल्लांचा बाप होतो, त्यांना घर मिळत नाही. ती रस्त्यावर वाढतात, चाकाखाली जातात. वर पार्व्हो, गोचीड, रेबीज यांची ने-आण. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस असो वा कुत्रा, वाचणे जवळजवळ अशक्य.

कुत्रा भैरवबाबाचे वाहन आहे, त्याला कसे अडकवायचे, असेही एका घरी ऐकले. श्रद्धेचा मला आदर आहे. नेवाळकरांच्या राजवटीपासून झाशीत मराठी घरे आहेत, आणि खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे त्यांच्या देवघरातल्या टाकावर कुत्रा घोड्याच्या पायाशी, देवाबरोबर असतो. युधिष्ठिराने तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले. आपल्या परंपरेने कुत्र्याला सोबत दिली आहे. त्याला वाऱ्यावर सोडण्याला तिचा आधार नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. कुत्रा पाळणे म्हणजे बंद राहणारे फाटक, गळ्यात पट्टा, रोज दोन वेळा फिरवणे, दर वर्षी लस आणि वेळेवर नसबंदी. यातले काही जमत नसेल तर पाळू नये. सदर बाज़ार छावणीचा आहे, आणि छावण्यांच्या कायद्यात, 1924 च्या जुन्यात होती तशी 2006 च्या नव्यातही, कुत्र्यांच्या नोंदणीची व नियंत्रणाची तरतूद आहे. लोकांना त्रास देईल किंवा घाबरवील असे माहीत असलेला कुत्रा मुसके आणि साखळीविना रस्त्यावर सोडणे तिथे दंडनीय आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली, जनावरामुळे माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असताना हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तरी पोलीस चौकी ही पहिली पायरी असू नये. एक चावा झाला की सारा मोहल्ला सगळ्याच कुत्र्यांवर उठतो. मग पट्ट्यातली, लस घेतलेली, गरीब कुत्रीही लोकांच्या डोळ्यांत खुपते, कुत्रेवाल्या भाडेकरूला घर मिळत नाही, कुणी विषही घालते. मोकळ्या कुत्र्याची किंमत अशी आम्ही मोजतो.

शेजाऱ्यांनो, तुमच्या कुत्र्यावर माझा राग नाही. त्याला पट्टा घाला. तुम्हाला वेळ नसेल त्या दिवशी साखळी माझ्या हाती द्या. त्याची आणि माझ्या कुत्रीची सवय हळूहळू जुळवू आणि दोघांना मी फिरवून आणीन. पण उद्यापासून तुमचे फाटक बंद ठेवा.